झुबकेरावांचं नाव

प्राणी एकमेकांकडे हळदीकुंकवाला जात, तेव्हाची गोष्ट. सुतारपक्ष्याने खारूताईच्या ढोलीला परवलीच्या शब्दाने उघडणारं दार बसवून दिलं. खारूताईने शब्द ठेवला नवऱ्याचं नाव. "मी कुठे त्यांना नावाने हाक मारते? कळणार कुणाला!"

संक्रांतीला घोरपडीकडे सगळ्याजणी हटून बसल्या, "नाव घे!" खारूताई लाजत उभी राहिली.

"ढोलीत ठेवल्या शेंगा, शेंगांवर गूळ,
झुबकेरावांचं नाव घेते, सोडा आता खूळ!"

सगळ्यात जोरात टाळ्या घुशीने वाजवल्या आणि वाण न घेताच ती सटकली.

खारूताई घरी येऊन बघते, तर ढोलीत नुसती टरफलं!

सुतारपक्ष्याने कपाळावर हात मारला. "बाई, आधी तो शब्द बदला!"

खारूताई फणकारली, "म्हणजे आता या वयात नवरा बदलू?"