फुकटची फांदी

माणसाला अजून घर बांधता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सुगरण पक्ष्यांत घरटं नर विणतो आणि मादीला ते पसंत पडलं तरच संसार होतो. झिपऱ्याचं हे पहिलंच घरटं होतं. हंगाम सरायच्या आत ते कुणाला आवडलं नाही, तर तो वर्षभर एकटा राहणार होता.

"घरटं वडावर टांग," थव्यातले वडीलधारे दाजीआबा म्हणाले. "तिथं जागा फुकट आहे. बाभळीवर जागेच्या बदल्यात रोज तिच्या अळ्या वेचाव्या लागतात. तुमच्या पिढीला व्यवहार कळत नाही."

झिपऱ्याने वडावर झकास घरटं विणलं. वडाची अट एकच होती, दारात त्याचा कावळा बसणार. मादी जवळ आली की कावळा म्हणे, "ताई, वडाची फळं चाखलीत का? आजच पिकलीत." ताई फळांकडे वळायची आणि घरटं विसरायची. अशा पाच जणी गेल्या.

वैतागून झिपऱ्या बाभळीकडे गेला. अळ्या वेचायचं कबूल करून तो गवत घेऊन फांदीवर बसला, तर खालच्या घरट्यातून दाजीआबांनी डोकं काढलं.

"आबा, तुम्ही इथं राहता?"

"सात हंगाम झाले."

"मग मला वडावर का पाठवलंत?"

"इथं आधीच गर्दी आहे, बाळा."

झिपऱ्याला हसू आलं. त्याने बरोबर आबांच्या डोक्यावरच्या फांदीलाच पहिली गाठ मारली.

आठव्या दिवशी एक मादी आली, आत शिरली आणि चोचीने वीण ओढून पाहिली.

"आतून लिंपायला चिखल कुठं मिळेल?" तिने विचारलं.

"मी दाखवतो," झिपऱ्या म्हणाला. "खालच्या आबांना मात्र विचारू नकोस."