सासरेबुवांचा पट्टा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण करवंददऱ्यातले दोन म्हातारे दोन आकडे सांगतात आणि वर भांडतात. तेव्हा डोंगरमाथ्यावरच्या या वस्तीत धुळाबा कोकरे नावाचा धनगर राहत होता. शेरडं राखायची आणि दिवसभर कटकट करायची, हा त्याचा उद्योग. वाऱ्यावर चिडायचा, चुलीच्या धुरावर चिडायचा. त्यात त्याच्या नशिबी एक कुत्रा आला.

कुत्रा जर्मनीचा होता. तिकडचा एक साहेब झाडपाला गोळा करायला डोंगरात आला, हिवतापानं खंगला आणि परत जाताना कुत्रा धुळाबाच्या गळ्यात मारून गेला. सोबत कातड्याचा चाळीस हात लांब पट्टा दिला आणि बजावलं, “जखमी जनावराचा माग हा सोडत नाही. हा मागावर लागला की तू पट्टा सोडू नको.” धुळाबा हो म्हणून बसला. त्या एका ‘हो’पायी तो पुढं जन्मभर स्वतःला शिव्या घालायचा, असं म्हणतात.

कुत्रा गुडघ्याहून थोडा उंच, अंगानं भरलेला, सांबरासारखा तांबूस आणि त्यावर काळपट पट्टे. कान लोंबते, तोंडातून आवाज नाही आणि कपाळावर कायम आठ्या. शेरडं राखेना. पुढून ससा गेला तरी मान वळवेना. परक्यानं हात लावलेला त्याला खपेना, आणि भाकरी मात्र सगळ्यांच्या आधी पाहिजे. धुळाबानं त्याचं नाव ठेवलं सासरेबुवा.

“माझ्या बापाला कशाला मधी आणताय?” त्याची बायको ठकूबाई म्हणायची.

“तुझा बाप बरा. दोन दिसांत माघारी तरी जायचा,” धुळाबा म्हणायचा.

मग एका फाल्गुनात वस्तीची शिकार निघाली. दौलती बंदूकवाल्यानं रानडुकरावर बार टाकला आणि डुक्कर कारवीच्या झाडीत पसार झालं. “लागलाच न्हाई,” दौलती म्हणाला. दुसऱ्याच दिवशी पाणवठ्याच्या वाटेवर एका डुकरानं बाईची मांडी फाडली. दौलती म्हणाला, ते डुक्कर वेगळं. धुळाबाला ते काही पटलं नाही, कारण जखमी डुक्करच असं माणसावर धावतं.

पाणवठा एकच, वाटेला दोन्ही बाजूंनी पुरुषभर कारवी, आणि डुक्कर कुठं दबा धरून बसलंय ते कळेना. घागरी कोरड्या पडल्या. धुळाबाची लेक बायडा बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते. ती म्हणाली, “सांजंपातुर डुक्कर गावलं तर ठीक. न्हाईतर मी घागर घिऊन निघाले. माझ्या लेकराला काय थुंकीनं न्हाऊ घालू?” बापाचीच लेक ती. बोलली की करणारच.

पाणवठ्याची वाट माणसांनी तुडवलेली, तिथं माग लागणार नव्हता, म्हणून धुळाबानं कुत्र्याला पट्टा लावला आणि दौलतीनं बार टाकला होता तिथं नेलं. माग दोन दिवसांचा शिळा. सासरेबुवांनी नाक टेकलं, कपाळावर आणखी दोन आठ्या चढवल्या आणि मुंगीच्या पावलानं निघाले. मागून आलेल्या गड्यांना वाटेत डुकरांची ताजी पावलं दिसली. “धुळाबा, हिकडं!” म्हणत सगळे तिकडं धावले. कुत्रा मात्र कोरड्या कातळाकडे वळला. धुळाबानं पट्टा ओढला, तर तो बसला. आणखी ओढला, तर आडवाच झाला.

“आरं, नाकात शेण भरलंय का तुझ्या? माझी पोर तिकडं मरायला निघालीय!” धुळाबा रडकुंडीला आला. कुत्रा उठला आणि कातळावरच चालू लागला. शब्द दिला होता, काय करतो! धुळाबा एकटाच त्याच्यामागं निघाला.

तीन डोंगर झाले. ऊन डोक्यावर आलं, घशाला कोरड पडली, तसा धुळाबा जन्मात पहिल्यांदा गप्प झाला. तोच पट्टा सैल पडला. कुत्रा थांबून मागं बघत होता. धुळाबानं चुचकारलं, ढकललं, हात जोडले. कुत्रा हलेना.

“आता काय पाय चेपू तुमचं, सासरेबुवा?” तो खेकसला, आणि पट्टा पुन्हा ताणला गेला.

मग धुळाबा बोलतच राहिला. साहेबाला बोलला, दौलतीला बोलला, उन्हाला बोलला. घशात काटे आले तरी त्यानं तोंड बंद केलं नाही.

ऊन कललं तेव्हा माग फिरून पाणवठ्याच्या वरच्या दरडीशी आला, आणि खालच्या वाटेवर धुळाबाला घागर घेतलेली बायडा दिसली. त्याच वेळी कुत्रा कारवीत शिरला आणि पहिल्यांदा भुंकला. ते भुंकणं सात वाड्यांना ऐकू गेलं, असं म्हणतात. बायडापासून दहा हातांवर डुक्कर उठलं आणि कुत्र्याच्या अंगावर गेलं. कुत्रा त्याच्याभोवती फिरू लागला, तसा पट्टा डुकराच्या पायांत गुंतू लागला. धुळाबानं आपलं टोक दगडाला आवळून धरलं. हात सोलले, पण त्यानं पट्टा सोडला नाही. त्या दगडावर अजून खोबण आहे. डुक्कर कोसळलं, आणि धुळाबानं कुऱ्हाडीच्या एका घावात ते संपवलं. डुकराच्या मांडीत दौलतीची गोळी निघाली.

बायडा बापाच्या गळ्यात पडली. तिला बाजूला करून धुळाबानं झऱ्याचं पहिलं ओंजळभर पाणी कुत्र्यापुढं धरलं आणि म्हणाला, “उशीर केलास.”

चौथ्या दिवशी बायडाला मुलगी झाली. कुत्रा पुढं नऊ वर्षं जगला, आणि नऊ वर्षं धुळाबा त्याच्यावर खेकसत राहिला. कुत्रा गेला त्या दिवसापासून मात्र धुळाबा कुणावरच चिडला नाही. तेव्हाच ठकूबाईनं ओळखलं. आठ दिवसांत तोही गेला.

आता शिकार नाही. पण होळीच्या दुसऱ्या दिवशी करवंददऱ्यातला एक जण तो पट्टा हातात धरून कातळावरून पाणवठ्यापर्यंत चालतो. पट्ट्याचं दुसरं टोक मोकळं असतं. वाटभर त्यानं कटकट करायची; पोरांबद्दल, महागाईबद्दल, मोबाईलच्या रेंजबद्दल, कशाबद्दलही. मागच्या साली हा मान शाळेच्या नव्या गुरुजींना मिळाला. माणूस सोज्वळ, तोंडातून शब्द निघेना, आणि कातळावर त्यांचं पाऊलच उचलेना. मागं घागरी घेतलेल्या बाया ताटकळल्या. “बोला की गुरुजी काहीतरी!” शेवटी गुरुजी आपल्या बदलीबद्दल पुटपुटले, आणि त्यांच्या हातातला पट्टा ताणला गेला, असं तेच सांगतात.

पाणवठ्यावर पोचलं की पहिली ओंजळ खोबणीच्या दगडावर ओततात. घागरी त्यानंतर भरायच्या. आणि ओतताना लहानथोर सगळे मिळून म्हणतात, “उशीर केलास.”