पिवळ्याची गाठ

गावची विहीर नुकतीच खणली होती, तेव्हाची गोष्ट. घरटं ओढून पाहिल्याशिवाय मादीने आत पाऊल टाकायचं नाही, ही सुगरण पक्ष्यांची रीत. पण विहिरीवरच्या बाभळीवर पिवळ्या नावाचा नर इतकी सुबक घरटी विणायचा, की माद्या न तपासताच अंडी घालू लागल्या. करडी नावाची मादी मात्र त्याच्या नव्या घरट्याची एकेक पात ओढून पाहू लागली.

पिवळ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, माझं एकही घरटं आजवर पडलं नाही! माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे रे," करडी म्हणाली. "पण माझी अंडी तुझ्या नावावर नाही, या गाठीवर लोंबणार आहेत. आणि खाली पाणी आहे."

तिने जोराचा हिसका दिला. गाठ सुटली आणि घरटं विहिरीत पडलं.

पिवळ्याने खाली पाहिलं. मग त्याची नजर शेजारच्या भरल्या घरट्यांकडे गेली. त्या सगळ्यांना त्याने हीच गाठ मारली होती.