बोर आत, बिट्टी बाहेर

एक होता डोंगर. डोंगरावर पडली थंडी.
कशी थंडी?
अशी थंडी, की कोंबडा आरवायला गेला आणि आरवणं चोचीतच गोठलं! कोंबडा नुसता आ करून उभा. खोटं वाटतं? थांबा, येईलच तो पुढे.

त्या डोंगरावर राहायची बिट्टी उंदरी. एवढीशी! भुईमुगाच्या शेंगेत मावेल एवढी.
बिट्टीला पुढे दोन दात. दोन दातांत एक फट. बिट्टी बोलली, की फटीतून शीळ वाजायची. सुंईऽऽ!
बाकीचे उंदीर फिदीफिदी हसायचे. म्हणून बिट्टी तोंडावर पंजा धरून बोलायची.

एका सकाळी बिट्टीला बोर सापडलं. लाल लाल बोर. गोल गोल बोर. तिनं ते ढकलत ढकलत दारापर्यंत आणलं. आणि काय झालं? बोर निसटलं!
गुडगुड गुडगुड! बोर गेलं बिळात.
वरून एक दगड घरंगळला. गडगड गडगड... धप्प! दगड बसला दारात.
बोर आत. बिट्टी बाहेर. आणि बाहेर थंडी! हुडहुड हुडहुड!

बिट्टी म्हणाली, "दगडोबा दगडोबा, हल की!"
दगड म्हणाला, "मला का पाय आहेत? आधी कुणी उचलू दे, मग मी हलतो."

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
शाळेच्या अंगणात मुलं उभी होती. आज निसर्गफेरी! पारखेबाई मुलांना डोंगर दाखवणार. कुणाचे ठसे, कुणाचं घरटं, दगडाखाली कोण राहतं, सगळं सगळं. मुलांच्या डोक्यावर कानटोप्या. नाकं लाल लाल.
बिट्टीनं तोंडावर पंजा धरला. म्हणाली,
"दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
मुलांनो मुलांनो, तुम्ही चला!"
भिवा म्हणाला, "मी तर खिशातून हातसुद्धा काढणार नाही."
सगळी मुलं म्हणाली, "आधी बाई निघू देत, मग आम्ही चालतो."

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
पारखेबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. शालीतून नुसता चष्मा दिसत होता.
"मुलं चालत नाहीत,
दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
बाई बाई, तुम्ही निघा!"
चष्मा म्हणाला, म्हणजे बाई म्हणाल्या, "चहाशिवाय कसली गं फेरी? आधी चूल पेटू दे, मग मी निघते."

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
चूल गारठून बसली होती.
"बाई निघत नाहीत,
मुलं चालत नाहीत,
दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
चूलताई चूलताई, तू पेट!"
चूल म्हणाली, "आधी काटक्या वाळू देत, मग मी पेटते."

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
काटक्या दवानं भिजल्या होत्या. थेंब थेंब गळत होत्या.
"चूल पेटत नाही,
बाई निघत नाहीत,
मुलं चालत नाहीत,
दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
काटक्यांनो काटक्यांनो, तुम्ही वाळा!"
काटक्या म्हणाल्या, "आधी ऊन पडू दे, मग आम्ही वाळतो."

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
ऊन डोंगरामागून डोकावत होतं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
"काटक्या वाळत नाहीत,
चूल पेटत नाही,
बाई निघत नाहीत,
मुलं चालत नाहीत,
दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
ऊनदादा ऊनदादा, तू पड!"
ऊन म्हणालं, "आधी धुकं हटू दे, मग मी पडतो."

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
धुकं पसरलं होतं दरीभर. जाडजूड, पांढरंफेक, आणि घोरत होतं!
"ऊन पडत नाही,
काटक्या वाळत नाहीत,
चूल पेटत नाही,
बाई निघत नाहीत,
मुलं चालत नाहीत,
दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
धुकेबाबा धुकेबाबा, तुम्ही हटा!"
धुकं म्हणालं, "आधी वारा सुटू दे, मग मी हटतो." आणि पुन्हा घोरायला लागलं. घुर्रर्र!

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
वारा झोपला होता खिंडीत, शेपटी गुंडाळून. वाऱ्याला शेपटी असते का? त्या दिवशी होती.
"धुकं हटत नाही,
ऊन पडत नाही,
काटक्या वाळत नाहीत,
चूल पेटत नाही,
बाई निघत नाहीत,
मुलं चालत नाहीत,
दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
वारेदादा वारेदादा, तुम्ही सुटा!"
वारा म्हणाला, "रोज खळ्यावर बुधाआजोबा शीळ घालतात. शीळ ऐकली की मी धावतो. आधी शीळ वाजू दे, मग मी सुटतो."

बिट्टी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
खळ्यावर बुधाआजोबा सूप घेऊन उभे होते. नाचणी उफणायची होती ना! सुपातून नाचणी सोडली, की दाणे पडतात खाली आणि कोंडा उडतो लांब. पण त्याला वारा लागतो. म्हणून आजोबा आधी शीळ घालून वाऱ्याला बोलावतात.
"वारा सुटत नाही,
धुकं हटत नाही,
ऊन पडत नाही,
काटक्या वाळत नाहीत,
चूल पेटत नाही,
बाई निघत नाहीत,
मुलं चालत नाहीत,
दगड हलत नाही,
माझं बोर मला मिळत नाही!
आजोबा आजोबा, शीळ घाला!"
आजोबांनी ओठ पुढे काढले. फू! फू! फू!
"अगं बाय माझे, थंडीनं ओठ उलले. शीळ निघत नाही, नुसती फूच निघते. आधी गरम चहा मिळू दे, मग मी शीळ घालतो."

अरे देवा!
चहा हवा तर चूल हवी.
चूल हवी तर काटक्या हव्या.
काटक्यांना ऊन. उन्हाला वारा. वाऱ्याला शीळ. शिळेला आजोबा. आणि आजोबांना... चहा!
फिरून फिरून पुन्हा तिथंच!

सगळा डोंगर म्हणतो, "आधी तू, मग मी." आता बिट्टीनं कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नाही.
उरली कोण? उरली एकटी बिट्टी.
बिट्टीला आला राग. लाल लाल राग, बोरासारखा! तिनं तोंडावरचा पंजा काढला.
"कुणी आधी नाही ना? मग मी आधी!"
छाती फुगवली. गाल फुगवले. दोन दात पुढे. दोन दातांत फट. आणि...

सुंईऽऽऽऽऽऽ!

आजोबांचं सूप हातातून पडलं. खिंडीत वारा ताडकन उठला. "आलो आलो आलो!"

वारा सुटला, सूं सूं!
धुकं हटलं, भरभर!
ऊन पडलं, लख्ख!
काटक्या वाळल्या, कुडुम्!
चूल पेटली, भगभग!
चहा उकळला, खदखद!
आजोबांना मिळाला चहा, सुर्र सुर्र!
बाईंना मिळाला चहा, सुर्र सुर्र!
बाई निघाल्या, तरातरा!
मुलं चालली, धावत धावत!

मुलं डोंगर चढत ओरडत होती,
"उचला, बघा, होतं तसं ठेवा!
उचला, बघा, होतं तसं ठेवा!"
हा निसर्गफेरीचा नियम बरं का. ज्याचं घर त्याला.
दगडापाशी मुलं थांबली. भिवानं खिशातून हात काढले. सगळ्यांनी दगड धरला. हैय्या हो! दगड उचलला.
"अय्या! बीळ! बिळात बोर!"
बाई म्हणाल्या, "बोराला हात नाही लावायचा. बघितलंत ना सगळ्यांनी? आता होता तसा ठेवा."

होता तसा? म्हणजे पुन्हा दारात?
दगड खाली यायला लागला. खाली... खाली... खाली...
सुंईऽऽऽऽऽऽ!
सगळे दचकले. बिट्टी दारात उभी, दोन्ही पंजे वर!
मुलांतली मंजी जमिनीला नाक लावून बसली. म्हणाली, "बाई, थांबा! इथलं गवत बघा. हिरवंगार आहे! दगडाखालचं गवत पांढरं असतं ना?"
बाईंनी चष्मा पुसला. "खरंच की गं! म्हणजे हा दगड इथं आजच आलाय. मग याची खरी जागा कुठली?"
मुलं वर बघायला लागली. इकडे नाही. तिकडे नाही. तो बघा! वर एक गोल खड्डा. खड्ड्यात पांढरं पांढरं गवत.
हैय्या हो! हैय्या हो! मुलांनी दगड वर नेला. खड्ड्यात ठेवला. बसला की बरोब्बर!
दगड म्हणाला, "आहाहा! माझी जागा मला मिळाली."
आणि बिट्टी म्हणाली,
"दगड हलला,
माझं बोर मला मिळालं!"
तुरुतुरु तुरुतुरु आत. मचमच, मचमच, मचमच!

तेवढ्यात खालून आवाज आला. कुकूचकूऽऽ!
बुधाआजोबा ओरडले, "अरे कोंबड्या, दुपार झाली की!"
कोंबडा म्हणाला, "मी काय करू? आरवलो सकाळीच. वितळलं आत्ता!"

तेव्हापासून खळ्यावर आजोबा शीळ घालत नाहीत. हाक मारतात, "बिट्टीबाय, बोलव गं वाऱ्याला!" बिट्टी येते. तोंडावर पंजा नाही, काही नाही. सुंईऽऽ!
आणि हसणारे ते उंदीर? ते बसलेत दातात काडी घालून. फट पाडताहेत! पडतच नाही.

बोर गेलं पोटात, दगड गेला घरात, आणि गोष्ट शिरली पांघरुणात!