ओसरीवरची शाळा

लहानांनी पुढं सरका, मोठ्यांनी मागं टेका. आपल्या पणजोबांनाही जी नुसती ऐकूनच ठाऊक होती, अशा जुन्या काळातली ही गोष्ट आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं सगुणा नावाची बाई राहायची. तिचा नवरा व्यापारी. बैलांवर माल लादून तो परमुलखात जायचा आणि महिनोन्‌महिने परतायचा नाही. घरात सगुणा आणि तिची लहानगी लेक वेणू, दोघीच.

वेणू गावातल्या पंतोजींच्या शाळेत जायची. पंतोजींची छडी फार वाईट. एका दुपारी वेणू घरी आली, ती मुठी उघडेचना. सगुणेनं हळूच बोटं सोडवली, तर तळव्यांवर वळ उठलेले. सगुणेला लिहिता-वाचता येत होतं. ती तशीच तरातरा शाळेत गेली आणि सगळ्या मुलांदेखत म्हणाली, "पंतोजी, उद्यापासून वेणू येणार नाही. मी शिकवीन तिला घरी. तुमच्यापेक्षा चांगलं शिकवीन."

पंतोजी हसले. "शिकवा की बाई. आम्हीही बघू."

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर शाळा भरली. किती गोड दिवस होते ते! चिंचोके मोजता मोजता वेणू बेरीज शिकली. अंगणातल्या धुळीत बोटानं अक्षरं काढताना ती 'ह'ला भलतीच लांब शेपटी द्यायची आणि मायलेकी पोट धरून हसायच्या. सगुणेनं मनाशी ठरवलं होतं, या पोरीवर कधी हात उगारायचा नाही. तो शब्द तिनं अखेरपर्यंत पाळला.

पण गाव थोडंच गप्प बसतं? पाणवठ्यावर बाया विचारू लागल्या, "काय गं सगुणे, कुठवर आली तुझी शाळा? पंतोजींची मुलं तर पाढे म्हणायला लागली."

ते शब्द सगुणेच्या मनात घर करून बसले. आता वेणू चुकली की तिला हसू येईना. ती रागवायची नाही, ओरडायची नाही. फक्त तिचं तोंड उतरायचं. एक उसासा टाकून ती उठायची आणि घरात कामाला लागायची. मग बराच वेळ दोघींत बोलणं नसायचं. वेणू ओसरीच्या कडेला बसून राहायची. छडीचे वळ दोन दिवसांत जातात. हे उसासे तिच्या मनातून जात नव्हते. ती चुका लपवायला शिकली. आई वळून बघायच्या आत धुळीतलं अक्षर हातानं पुसून टाकायची.

त्या वर्षी गावात गोवर आला. वेणूलाही झाला आणि बराही झाला. पण त्यानंतर तिन्हीसांजेला तिला दिसेनासं होऊ लागलं. मग दिवसाही अक्षरं धूसर झाली. वेणूला वाटलं, ही आपलीच काहीतरी चूक. तिनं एक युक्ती काढली. आई एकदा वाचून दाखवायची, तेवढ्यात ती सगळं पाठ करायची आणि पोथीवर बोट फिरवत घडाघडा म्हणायची.

सगुणा हरखून गेली. "बघा, माझी वेणू कशी वाचते!" ती दारोदार सांगू लागली. वेणू डोळे चोळायची, तेव्हा ती म्हणायची, "आळस नको, बाळ. समोर बघ."

एका संध्याकाळी देवळात कथा होती. सगळा गाव जमला होता, पंतोजीही होते. सगुणेनं वेणूला पुढं बसवलं आणि पोथी तिच्या हाती दिली. घरी पाठ केलेला अध्याय वेणूनं एक अक्षर न चुकता म्हटला.

पुजारी म्हणाले, "पोर गोड वाचते, पण पान उलटायचं विसरली!"

लोक हसले. सगुणेचा चेहरा पडला. पुजाऱ्यांनी कौतुकानं एक केळं पुढं केलं. वेणूनं हात पुढं केला, तो केळ्याच्या बाजूनं गेला. पुन्हा केला, पुन्हा चुकला.

सगुणेनं लेकीला जवळ ओढलं. "वेणू, तुला दिसत नाही का गं?"

"नाही, आई."

"कधीपासून?"

"गोवर गेला तेव्हापासून."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

वेणू खाली मान घालून म्हणाली, "तुझं तोंड उतरलं असतं."

सगुणा तिला कडेवर घेऊन वैद्यबुवांकडे धावली. त्यांनी दिवा जवळ धरून डोळे पाहिले आणि दिवा बाजूला ठेवला.

"पहिल्यांदा अंधुक दिसलं तेव्हाच आणायची होती, बाई," ते म्हणाले. "हिरवा भाजीपाला, दूध-तूप आणि थोडं औषध, एवढ्यानं भागलं असतं. आता फार उशीर झालाय."

त्यांनी जमेल ते सारं केलं. एक डोळा गेला. दुसऱ्यात उजेड आणि सावली, एवढंच उरलं. व्यापारी परत आला, तेव्हा सगुणेनं काही न लपवता त्याला सगळं सांगितलं. तो तिला एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

सगुणा वेणूला शिकवत राहिली, आता तोंडी. आणि नवल असं, की चुकलं तर वेणू आता घाबरायची नाही. खळखळून हसायची आणि म्हणायची, "आई, चुकलं बघ माझं!" कारण आईचं तोंड आता तिला दिसतच नव्हतं.

सगुणाही हसून म्हणायची, "चुकू दे गं, बाळ." आणि आवाज कापू न देता पदरानं डोळे टिपायची.

म्हणून सांगतो मंडळी: ज्या घरात मुलाला चूक सांगायची भीती वाटते, त्या घरात मूल आपलं दुखणंही सांगत नाही.