सालूबाईचं कोरं पान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा हिवरखडकच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि ओढ्यापलीकडच्या माळावर एकही घर नव्हतं. गाव सगळं अलीकडे. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या मधोमध दगडमातीचं बुटकं देऊळ. देवळाला घंटा घ्यायची ऐपत नव्हती. लोखंडाचा एक तुकडा टांगलेला होता, तोच वाजवत.

त्या वस्तीत एक बाई राहत होती. पाळकांनी तिचं नाव ठेवलं सालोमी. वस्तीने त्याचं सालू करून टाकलं. नवरा दगडाच्या खाणीत दबून मेला, पोटी मूल नाही. लोकांच्या दारी दळण-कांडण करावं, मिळेल ते खावं, आणि रविवारी देवळात दाराशी बसावं. उन्हाची तिरीप यायची ती तिच्या पाठीवर.

एके वर्षी लुकस मास्तर नावाचा पुस्तकवाला पाठीवर पेटी घेऊन आला. गावोगाव शास्त्र, म्हणजे बायबल, पोचवायचं हेच त्याचं काम. पेटीत एकच शास्त्र उरलं होतं. ते त्याने देवळात ठेवलं आणि म्हणाला, "हे नुसतं जपायचं नाही. हे करायचं असतं." एवढं बोलून तो पुढच्या गावाला गेला.

पुस्तक एक आणि घरं पुष्कळ. कोणाच्या घरी राहावं यावरून भांडण पेटलं. वस्तीचा पंच होता इस्राबा. उंच, ताठ, डोक्याला पांढरा पटका. त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. त्याने विळी मागवली आणि पुस्तकाची शिवण कापली.

"घराघराला पानं वाटा," तो म्हणाला. "ज्याची पानं त्यानं तोंडपाठ करायची. रविवारी सगळे जमलो, की पुस्तक पुरं."

निवाडा चांगला होता. पण वाटताना ज्याने त्याने मोठं मोठं उचललं. वादळ शांत झालं ती पानं एकाने घेतली. थोड्या भाकरींत हजारो जेवले ती दुसऱ्याने. मेलेल्या माणसाला हाक मारून थडग्यातून उठवलं, ती पानं इस्राबाने आधीच मांडीखाली धरली होती. दाराशी बसलेल्या सालूपर्यंत येता येता एकच पान उरलं. प्रभूने कमरेला पंचा बांधला आणि चेल्यांचे पाय धुतले, ते पान.

इस्राबाची आई धुरपा पुढेच बसली होती. म्हातारीची जीभ म्हणजे कोयता. ती हसून म्हणाली, "अगं सालू, तुला पाय धुवायचंच आलं का? बरं झालं. माझ्या टाचंला लई भेगा पडल्यात. ये सांजच्याला!"

सगळं देऊळ हसलं. सालूही हसली. म्हणाली, "येईन की, आत्या. बोलावणं विसरू नका."

धुरपाच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. लाकडं फोडताना कुऱ्हाडीने गेली होती. ते चार बोटांचं पाऊल सारा गाव ओळखायचा. हे ध्यानात ठेवा.

लुकस मास्तर पुन्हा फेरीवर आला, तेव्हा सालूने त्याच्या मागे लागून तेवढ्या पानापुरती अक्षरं शिकून घेतली. दुसरं काही तिला वाचता येत नसे. तेवढं येई.

मग तो उन्हाळा आला. आधी ओढा आटला. मग गावची विहीर आटली. मग घराघरांतून उंदीर बाहेर येऊन पडू लागले, आणि उंदरांमागून माणसं. काखेत गाठ यायची, अंगात आग पेटायची, आणि माणूस जायचा. गाठीचा रोग. त्यावर तेव्हा औषध नव्हतं.

गाव उठलं. वरचं गाव डोंगराकडे गेलं. वस्तीची माणसं ओढा ओलांडून माळावर झोपड्या घालून राहिली. तिथे खडकातून एक झरा पाझरत होता. इस्राबाने सगळ्यांना उभं करून नियम सांगितला.

"ज्याला गाठ आली, तो अलीकडे देवळात राहील. पलीकडचा अलीकडे येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. माझ्या घरालाबी."

पोरंबाळं वाचवायची होती. नियम चुकीचा होता असं आजही कोणी म्हणत नाही. पण दुसऱ्याच दिवशी धुरपाच्या काखेत गाठ आली.

इस्राबाने आईला पाठीवर घेऊन देवळात नेऊन ठेवलं. परत येताना तो एकदाही मागे वळला नाही. असं म्हणतात, की त्या दिवसापासून त्याच्या मानेतली शीर आखडली ती आखडलीच.

सालूला काही झालं नव्हतं. तिने आपली परात डोक्यावर घेतली, ते एक पान पदरात बांधलं आणि ओढ्यात उतरली. बायांनी ओरडून विचारलं, "सालू, कुठं निघालीस मरायला?"

ती म्हणाली, "धुरपाआत्यानं बोलावलं होतं."

देवळात माणसं ओळीने पडलेली. कोणाला कोणाची ओळख उरली नव्हती. सालू एकेकाच्या पायथ्याशी बसे, परात ठेवी, पान शेजारी उघडं ठेवी, आणि वाचत वाचत पाय धुई. ओल्या हातानेच पान सारखं करी. तापाने फणफणलेल्या माणसाच्या पायांना पाणी लागलं, की तो डोळे उघडी. पाय पुसायला कापड मात्र नव्हतं. होतं नव्हतं ते फाडून तिने कपाळावरच्या पट्ट्या केल्या होत्या. म्हणून धुतलेले पाय तसेच ओले राहत.

पाणी पलीकडे होतं. रोज सकाळी इस्राबा झऱ्याची भरलेली घागर आणून कोरड्या ओढ्याच्या मधोमध ठेवी आणि मागे फिरे. मग सालू येऊन ती नेई. ओढ्यात नुसती वाळू. लहान पोर एका दमात पळत पार होईल एवढं अंतर. पण इस्राबाचं पाऊल घागरीपुढे पडत नसे.

रविवारी वस्ती पलीकडच्या काठावर जमली. ज्याने त्याने आपली पानं मोठ्याने वाचली, की देवळातल्यांना ऐकू जावीत. वादळ शांत झालं. हजारो जेवले. शेवटी इस्राबाने मेलेला उठला ती पानं वाचली. त्याचा आवाज खणखणीत. खडक घुमले.

वाचून झालं तेव्हा सालू देवळाच्या दारात आली.

"दादा, आत्यानं ऐकलं," ती म्हणाली. "आता तुम्ही या."

"नियम आहे, सालू."

"नियम मला ठावं आहे. म्हातारी विचारती, इस्रा आला का."

इस्राबाने हातातल्या पानांची घडी घातली. सालू आत गेली.

आत धुरपाने विचारलं, "आला का गं?"

"येतोय, आत्या."

"खोटं बोलू नको. शास्त्रातली बाई तू."

"नाही आला."

म्हातारीने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. तू धू. आणि डाव्या पायाला जपून, गुदगुल्या होतात."

सालूने तिचे पाय धुतले. भेगांतली माती हळूहळू काढली. आधी उजवा, मग तो चार बोटांचा डावा. धुऊन झाले तेव्हा धुरपा गेलेली होती.

आता जे झालं ते ऐका. त्याच आठवड्यात माळावरच्या बाया कुजबुजू लागल्या होत्या. देवळात कोणी मेलं, की सकाळी त्याच्या घरच्या झोपडीपुढे धुळीत दोन ओली पावलं दिसत. आसपास पाण्याचा थेंब नाही, येण्याची वाट नाही, जाण्याची वाट नाही. दारापुढे फक्त दोन पावलं. ऊन चढलं की वाळून जात. कोणाचा नवरा, कोणाची लेक, पावलावरून घरचे ओळखत आणि तिथेच बसून रडत. असं म्हणतात, की धुतलेले पाय घेऊन माणसं शेवटचा निरोप द्यायला येत होती.

इस्राबा त्या बायांवर खेकसला होता. "दव पडलं असंल. गप बसा."

सोमवारी सकाळी तो झोपडीबाहेर आला. दारापुढे ओली पावलं होती. उजव्या पायाची पाच बोटं. डाव्याची चार.

तो बसला नाही, रडलाही नाही. पटका बांधला, घागर भरली आणि ओढ्यात उतरला. मधोमध आला. पलीकडच्या काठावर लोक जमले. घागर खाली ठेवेल म्हणून सगळे बघत होते. त्याने ठेवली नाही. तो चालत राहिला.

देवळात त्याच्या आईला सालूने झाकून ठेवलं होतं. आणि आईच्या पायथ्याशी सालू पडली होती. परात शेजारी, रिकामी. तिच्याही काखेत गाठ होती. किती दिवस होती, कोणाला माहीत.

"दादा," ती म्हणाली, "उशीर केलात."

"केला."

"बाकीच्यांचं पाणी राहिलंय."

इस्राबाने परातीत पाणी ओतलं. ओळीतल्या एकेकाचे पाय धुतले. ज्यांना त्याने स्वतः नियम सांगून इथे पाठवलं होतं, त्यांचेच पाय. कोणी त्याला शिव्या दिल्या. कोणी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटी तो सालूच्या पायथ्याशी आला.

"माझे नको," सालू म्हणाली. "मी दाराशी बसणारी बाई."

"पाय पुढं कर, सालू."

तिने पाय पुढे केले. त्याने ते धुतले. शेजारी पान पडलं होतं, ते त्याने वाचायला घेतलं. पान कोरं होतं. इतक्या ओल्या हातांनी अक्षरं कधीच धुऊन गेली होती. इतके दिवस सालू कोऱ्या पानावरूनच वाचत होती. पण इस्राबाला गोष्ट ठाऊक होती. प्रभूने पाय धुतले आणि पुसले. इस्राबाने डोक्यावरचा पटका सोडला. तो पटका त्याने कोणापुढे उतरवला नव्हता. त्याने सालूचे पाय घोट्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पुसले. अगदी कोरडे केले. ती तशीच डोळे मिटून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी वस्ती उठून बसली. माळावर सालूची झोपडी नव्हती, म्हणून बायांनी प्रत्येक झोपडीपुढची धूळ सारखी करून ठेवली होती. कुठे तरी येईलच. ऊन चढलं. दारं तशीच कोरडी राहिली. इस्राबा अजून देवळाच्या दारातच होता; मग एका म्हातारीने काठावरून ओरडून विचारलं, "इस्राबा, तिचं पाय पुसलं होतंस काय?"

इस्राबाने हातातला पटका बघितला. तो अजून ओला होता.

असं म्हणतात, की तो पटका त्याने पुन्हा डोक्याला बांधला नाही आणि वाळतही घातला नाही. रोग त्याला लागला नाही. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला, आणि हीच त्याची शिक्षा होती असं काही लोक म्हणतात. सालू आपल्या प्रभूच्या घरी पोचली, तिला परत येण्याचं कारण काय, असं पाळक म्हणत. इस्राबा ऐकून घेई आणि मान खाली घाली. आखडलेली मान खाली घालताना त्याला दुखायचं.

पुढे लुकस मास्तर नवं पूर्ण शास्त्र घेऊन आला. वस्तीने ते घेतलं. पण जुनी पानंही गोळा केली, पुन्हा शिवली, आणि सालूचं कोरं पान त्याच्या जागी घातलं. मास्तर म्हणाला, "यावर लिहून देऊ का?" इस्राबा म्हणाला, "त्याच्यावर लिहिलंय."

आता हिवरखडकला घरोघरी शास्त्र आहे. पण उन्हाळ्यात सालू गेली तो दिवस सालूचा दिवस म्हणून पाळतात, आणि त्या दिवशी ते जुनं पुस्तकच काढतात. घरागणिक ज्याची पानं तो वाचतो. कोरं पान आलं, की वाचणारा थांबतो आणि ते पान सगळ्यांना दिसेल असं उंच धरतो. कोणी बोलत नाही. इस्राबाच्या घराण्यातला थोरला पुरुष टोपी उतरवून परात घेतो आणि दाराशी बसलेल्यापासून पाय धुवायला लागतो. ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद असेल, त्याचेही पाय धुवावेच लागतात.

त्या गावात कोणी मेलं तर आधी त्याचे पाय धुतात. पुसत नाहीत. पाव्हणा कोणी चुकून पंचा पुढे करू लागला, तर त्याचा हात धरतात.

आणि सालूच्या दिवसाच्या दुसऱ्या पहाटे हिवरखडकच्या बाया उठतात, अंगणातली धूळ हाताने सारखी करतात आणि दारात बसतात. ऊन चढेपर्यंत कोणी उंबरा ओलांडत नाही.

अजून पावलं उमटलेली नाहीत.