पाटीआडचा वारा

माजी सभापती भगवानराव इंगवले यांची गाडी दर भाऊबीजेला घाटात तापायची आणि ते अर्ध्यातून माघारी फिरायचे. घाटापलीकडे थोरली बहीण हौसाक्का ताट लावून वाट बघत राहायची. अशी तीन वर्षं गेली.

यंदाही बॉनेटमधून वाफ निघाली. घाटातल्या दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजसमोर भगवानराव उतरले ते कडाडतच. "पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, तरी तापतेच! तिकडे अक्का तीन वर्षं ताट घेऊन बसतेय. तुम्हा मेकॅनिकांना काही कळतं का?"

मिस्त्रीने बॉनेटला हात लावला नाही. तो गाडीच्या तोंडाशी वाकला. पुढची जाळी झाकून टाकणारी भलीमोठी पितळी पाटी तिथे होती. त्यावर 'सभापती' ठळक होतं, 'माजी' तेवढं बारीक.

"ही कशाला, साहेब?"

"ही बघून भलेभले बाजूला होतात!"

"तेच झालंय. वारासुद्धा बाजूने जातोय. रेडिएटर गार व्हायला तो समोरून आत यावा लागतो. पाटी काढा."

भगवानरावांचा आवाज उतरला. "खुर्ची गेली, माणसं गेली. आता पाटीही काढली तर मला ओळखणार कोण?"

मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. "अक्का तीन वर्षं वाट बघतायत, ती सभापतींची का?"

भगवानरावांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्क्रू त्यांनी स्वतःच सोडवले. इंजिन निवल्यावर मिस्त्रीने पाणी भरलं आणि गाडी एका दमात घाट चढली.

दारात हौसाक्काने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भग्या," ती म्हणाली, "किती वाळलास रे!"